पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

पोरी, बारावी आर्ट्स करून तू नर्सिंगच्या जीएनएम कोर्सला गेलीस आणि होस्टेलवर रुळलीस, याचं आम्हाला घरात सगळ्यांनाच कौतुक आहे. परवा फोनवर मात्र तुझा आवाज पडला होता. "मावशी, अ‍ॅनाटॉमीचा धडा चार-चार वेळा वाचते. वाचताना सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं की डोकं कोरं. मला हे झेपेल असं वाटत नाही," असं म्हणालीस.

झेपेल. तुझ्या बुद्धीत काही उणं नाही, फक्त अभ्यासाची रीत बदलायला हवी. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी उमर गेली. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं, ते स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी प्रयोग करून पक्कं केलेलं आहे. ते सगळं तुला एकदा नीट लिहून द्यावं असं ठरवलं. सार आधीच सांगते: धडा डोक्यात शिरतो वाचल्याने, आणि टिकतो तो आठवल्याने. म्हणून आपली परीक्षा आपणच घ्यायची, वरचेवर घ्यायची आणि मार्कांची चिंता न करता घ्यायची.

१. एकदा समजून वाच आणि पुस्तक मीट

पहिलं वाचन सावकाश कर. इंग्रजी शब्द अडला तर तिथेच अर्थ बघ, आकृतीवर बोट ठेवून भाग ओळख. न समजलेलं आठवायला बसून उपयोग नाही, त्यामुळे या पायरीवर घाई नको. पण धडा समजला की लगेच दुसऱ्यांदा वाचायला घेऊ नकोस. पुस्तक मीट, आणि आत्ता काय वाचलं ते मनाशी काढायचा प्रयत्न कर.

अमेरिकेत सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोघांनी केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले होते, एक सूर्याविषयी आणि एक समुद्रातल्या ऑटर या प्राण्याविषयी. काहींनी चारही बैठकांत उतारा पुनःपुन्हा वाचला, म्हणजे सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या बैठकीत वाचला, सरासरी साडेतीन वेळा. पुढच्या तीन बैठकांत त्यांनी उताऱ्याकडे न बघता आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. आपलं लिहिलेलं बरोबर की चूक, हेही त्यांना कोणी सांगितलं नाही.

पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने परत बोलावलं तेव्हा चित्र पालटलं. चौदा वेळा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१.

हे आकडे नीट बघ. रात्री वाचून सकाळी लगेच पेपर असेल, तर वाचनाने वेळ मारून नेता येते. तुला मात्र आज शिकलेलं तीन वर्षांनी वॉर्डात हवं आहे, आणि त्यानंतरही नोकरीभर हवं आहे. तुझा हिशोब आठवड्यानंतरच्या आकड्यांशी आहे.

२. 'येतंय' असं वाटलं की स्वतःला विचारून बघ

चौथ्यांदा वाचताना धडा ओळखीचा वाटतो. पान उलटायच्या आधीच पुढे काय आहे ते कळतं. तिथे मन म्हणतं, झालं, येतंय आपल्याला. ओळखता येणं आणि न बघता सांगता येणं यांत मोठं अंतर आहे. आई पुरणपोळी लाटते ते तू लहानपणापासून बघत आलीस. पुरण किती घट्ट हवं, कणीक किती सैल, सगळं तुला ठाऊक आहे. पण पहिली पोळी तू लाटलीस तेव्हाच कळलं की ती कुठे फुटते. अभ्यासाचंही तसंच आहे. पुस्तक मिटल्याशिवाय आपली पोळी कुठे फुटते ते समजत नाही.

याच दोघांनी २००८ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासकट शिकवले. शिकवणी संपली तेव्हा सगळ्या गटांना जवळपास सगळे शब्द येत होते. मग विचारलं, आठवड्याने तुम्हाला किती आठवतील? सगळ्याच गटांनी साधारण निम्मे असं सांगितलं. आठवड्याने मात्र जे शेवटपर्यंत स्वतःला तपासत राहिले त्यांना ८० टक्के शब्द आले. एकदा बरोबर आलेल्या शब्दाची ज्यांची तपासणी थांबवली होती त्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास आले, मग त्यांनी ते शब्द पुढे वाचले असोत किंवा नसोत. आपली आठवण किती पक्की आहे याचा अंदाज आपल्याला आपला आपण बांधता येत नाही, हे यातून दिसलं.

पिवळ्या-गुलाबी रेघा मारण्याचं तुझं वेडही जरा आवर. अभ्यासाच्या दहा पद्धतींचा मोठा आढावा २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांनी रेघा मारणं आणि परत परत वाचणं या दोन्हींना कमी उपयोगाचं ठरवलं. सर्वाधिक उपयोगी ठरल्या दोन पद्धती: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणं. पुढचे बहुतेक सगळे कानमंत्र या दोहोंतूनच निघतात.

३. कोऱ्या कागदावर उतरव

मनात आठवताना आपण स्वतःला फसवतो. अर्धवट आठवलं तरी "हो, ते माहीतच आहे" म्हणून पुढे सरकतो. कागद अशी सूट देत नाही. म्हणून रफ वही कायम जवळ ठेव.

मनगटातली आठ हाडं घे. पुस्तक मिटून कागदावर आठ ओळी आख आणि अंगठ्याच्या बाजूने सुरुवात कर. वरच्या रांगेत स्कॅफॉईड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. खालच्या रांगेत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉईड, कॅपिटेट, हॅमेट. पहिल्या दिवशी तुला पाच येतील, तीन ओळी मोकळ्या राहतील. राहू देत. त्या मोकळ्या ओळींकडे बघत मिनिटभर थांब. तीन वेगळ्या हाडांची नावं आठवायची आहेत हे माहीत असताना मन शोधत राहतं, आणि तेच खरं काम आहे. मग पुस्तक उघड, राहिलेली तीन नावं लाल शाईने लिही, आपल्या मनगटावर बोट ठेवून ती हाडं कुठे बसतात ते बघ, आणि पान उलटून आठही परत लिही. संध्याकाळी पुन्हा एकदा.

आकृत्यांचंही असंच. हृदयाची आकृती समोर ठेवून सुबक उतरवली तर हात दुखतो, पण डोक्यात फारसं जात नाही. आकृती झाक. वेडेवाकडे चार कप्पे काढ आणि रक्ताचा प्रवास बाणांनी दाखव: महाशिरांतून उजव्या कर्णिकेत, तिथून त्रिदली झडपेतून उजव्या जवनिकेत, फुप्फुस धमनीतून फुप्फुसांत, फुप्फुस शिरांतून डाव्या कर्णिकेत, मायट्रल झडपेतून डाव्या जवनिकेत आणि शेवटी महाधमनीत. जिथे बाण अडेल तिथेच तुझा अभ्यास बाकी आहे. संपूर्ण धडा परत वाचायची गरज नाही, तेवढाच तुकडा वाच.

तू मराठीतून शिकलीस, म्हणून एक खास सांगते. क्रिया आधी मराठीत, आपल्या शब्दांत सांग. ती अडखळल्याशिवाय सांगता आली की मग कर्णिकेच्या जागी एट्रियम, जवनिकेच्या जागी व्हेंट्रिकल असे इंग्रजी शब्द घालून तेच परत सांग. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, तेव्हा शेवटची उजळणी इंग्रजीतच व्हायला हवी. पण समज मराठीत बसलेली असली की इंग्रजी शब्द नुसते घोकावे लागत नाहीत.

४. पहिली उजळणी त्याच दिवशी

वर्गात शिकवलेलं आपण "रविवारी सगळं एकदम करू" म्हणून ठेवून देतो. रविवार उजाडेपर्यंत आठवण्याजोगं फार काही उरलेलं नसतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हर्बर्ट स्पिट्झर यांनी सहावीच्या ३,६०५ मुलांवर केलेला प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. मुलांनी एक उतारा वाचला. काहींची चाचणी लगेच घेतली, काहींची काही दिवसांनी, काहींची आठवड्यांनी. लवकर चाचणी झालेल्यांना पुढे कित्येक दिवसांनीही जास्त आठवत होतं. उशिरा चाचणी दिलेल्यांकडचं बरंचसं तोवर निसटून गेलं होतं.

म्हणून तास संपला की पुढच्या मॅडम येईपर्यंतच्या वेळात वहीच्या मागच्या पानावर तीन ओळी लिही: आज काय शिकवलं? वहीत मागे बघायचं नाही. संध्याकाळी मेसमधून खोलीवर आलीस की तेच जरा विस्ताराने लिही. एवढ्याने रविवारचं ओझं निम्मं होतं.

वेळेची वाटणी कशी करायची, हा प्रश्नही जुनाच आहे. आर्थर गेट्स यांनी १९१७ साली शाळकरी मुलांवर प्रयोग करून पाहिलं, की वाचनाला किती वेळ द्यावा आणि न बघता म्हणून बघायला किती. जी मुलं निम्म्याहून जास्त वेळ न बघता म्हणण्यात घालवत होती त्यांची आठवण चांगली राहिली. तेव्हा तासाभराच्या अभ्यासात वीस-पंचवीस मिनिटं वाचन आणि उरलेला वेळ आठवणं, लिहिणं, तपासणं असं धरून चाल. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावून मुलं परवचा म्हणायची ती याच जातीची शिस्त होती: पुस्तकाविना, मोठ्याने, रोज.

५. अडलं तर थांब, चुकलं तर लगेच तपास

आठवत नाही म्हटल्यावर दुसऱ्या सेकंदाला उत्तर बघायची सवय सगळ्यांनाच असते. ती मोड. थोडं चाचपड. हे चाचपडणं त्रासाचं वाटतं आणि प्रगती मंदावल्यासारखी वाटते, पण त्या कष्टातूनच आठवण घट्ट होते. रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी अशा अडचणींना हव्याशा अडचणी म्हटलं आहे. सहज जमणारा अभ्यास सुखाचा असतो आणि लवकर विसरला जातो. जरा अडत, धडपडत केलेला अभ्यास टिकतो.

उत्तर चुकलं तर मन खट्टू करून घेऊ नको. चुकीचा अंदाज बांधला आणि त्यानंतर बरोबर उत्तर पाहिलं, तर ते उत्तर नुसतं वाचल्यापेक्षा अधिक लक्षात राहतं, असं २००९ सालच्या प्रयोगांत दिसून आलं आहे. अट एकच: बरोबर उत्तर बघायला हवं. चूक तशीच सोडून दिलीस तर तीच पाठ होण्याचा धोका असतो. एमसीक्यू सोडवताना हा धोका जास्त, कारण चार पर्यायांतले तीन खोटे असतात आणि तेही ओळखीचे होऊन बसतात. म्हणून प्रत्येक संच सोडवून झाला की त्याच बैठकीत उत्तरं तपास. त्यातही पर्याय झाकून आधी उत्तर स्वतःच्या मनाने सांगायचा प्रयत्न कर, मग पर्याय बघ.

एक चुकांची वही कर. ज्या प्रश्नांना अडलीस तेवढेच त्यात लिही, उत्तरं मागच्या पानावर. परीक्षेच्या आदल्या दिवशी हीच वही चाळायची आहे.

६. एकदा आलं म्हणून सोडू नको, आणि मध्ये दिवस जाऊ दे

स्वाहिली शब्दांचा प्रयोग परत आठव. एकदा बरोबर आलं म्हणून तपासणी थांबवली तिथेच नुकसान झालं. आपण सगळे हेच करतो. "हे मला येतं" म्हणून तो धडा बाजूला ठेवतो आणि तिसऱ्या आठवड्यात तो कोरा झालेला असतो.

पण परत विचारायचं तर केव्हा? लगेच नाही. थोडं विसरू दे, मग विचार. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून जास्त लोकांवर केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी उजळणीच्या मधलं अंतर कमीजास्त करून पाहिलं. जे आठवडाभर लक्षात ठेवायचं होतं त्याला मध्ये एका दिवसाचं अंतर पुरलं. जे वर्षभर ठेवायचं होतं त्याला सुमारे तीन आठवड्यांचं अंतर उत्तम ठरलं. जितकं लांबचं लक्ष्य, तितकं अंतर मोठं. तुझ्यासाठी मी असं बसवते: शिकवलं त्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी, आणि पुढे दर महिन्याला एकदा. दर वेळी पुस्तक मिटूनच.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं, त्यावर झेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली पुस्तक लिहून एक सोपी युक्ती सांगितली. एक पेटी, तिच्यात पाच कप्पे. प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड, पुढे प्रश्न, मागे उत्तर. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यात असो, परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, आणि असंच पुढे अंतर वाढवत न्यायचं. जे येत नाही ते आपोआप रोज समोर येतं, जे येतं ते अधूनमधून.

बाजारातली कार्डं आणायची गरज नाही. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो, त्यांची कोरी बाजू कापून घे. दिवाळीला येशील तेव्हा मी कापून ठेवलेल्या घेऊन जा. पेटीला चपलांचं खोकं आणि मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या पुरतात. मोबाईलवर अशी अ‍ॅपही आहेत, ती वापरलीस तरी चालेल. पण कार्ड स्वतःच्या हाताने कर. काय विचारायचं हे ठरवतानाच अर्धा धडा समजतो. आणि एका कार्डावर एकच प्रश्न. "यकृताची माहिती लिहा" असं कार्ड निरुपयोगी. "पित्त कुठे तयार होतं आणि कुठे साठतं?" हे कार्ड कामाचं. यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं: दोन सेकंदांत उत्तर, खरं-खोटं लगेच कळतं.

७. क्रमाने पाठ झालेलं उलटसुलट विचार

साताचा पाढा धडाधड म्हणणाऱ्या पोराला मध्येच "सात आठे?" विचारलं की ते "सात एके सात"पासून सुरुवात करतं. त्याला पाढ्याची चाल पाठ आहे, छप्पन्न पाठ नाही. वर्गात मी पाढे कायम उलटे आणि मधूनमधून विचारत असे.

तुझ्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. पेशंट धड्याच्या क्रमाने येत नाही. प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, तापमान साधारण ९८.६ फॅरनहाइट, हा तक्ता वरून खाली तुला पाठ असेल. आता कार्डं पिसून विचार: श्वास मिनिटाला २८ आहे, ठीक की जास्त? नाडी ५२, काय म्हणशील? आकड्यावरून नाव, नावावरून आकडा, लक्षणावरून दोन्ही. अ‍ॅनाटॉमीची, मायक्रोबायोलॉजीची आणि नर्सिंग फाउंडेशनची कार्डं एकत्र कर आणि जे हाती लागेल ते सोडव. सुरुवातीला जास्त चुकशील, पण ज्या परिस्थितीत आठवायचं आहे तिचा सराव हाच आहे.

८. नावांबरोबर 'का' विचार

"मावशी, ही तर घोकंपट्टीच झाली," असं तू म्हणशील. घोकंपट्टीत शब्द समोर ठेवून तोंडाने फिरवत राहायचे असतात. इथे शब्द समोर नसतात, आपण ते आपल्या समजेतून बांधतो. पर्ड्यू विद्यापीठातल्या कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांचा २०११ सालचा प्रयोग याच शंकेवर आहे. विज्ञानाचा उतारा एका गटाने पुनःपुन्हा वाचला, एका गटाने पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचा तक्ता काढला, एका गटाने मिटून आठवला. आठवड्याने सरळ प्रश्नही विचारले आणि उताऱ्यात थेट न दिलेल्या, विचार करून काढायच्या उत्तरांचे प्रश्नही विचारले. दोन्हींत आठवणारे पुढे होते.

तेव्हा तुझ्या कार्डांत 'का' भरपूर येऊ दे. हात धुण्याचे पाच प्रसंग पाठ कर: पेशंटला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कृतीआधी, शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. मग विचार, शेवटचा प्रसंग कशाला? पेशंटला तर हातही लावला नव्हता. कारण खाटेच्या कठड्यावर, चादरीवर, टेबलावर जंतू असतात आणि ते तुझ्या हातांवरून पुढच्या खाटेकडे जातात. हे कारण स्वतःच्या तोंडून एकदा निघालं की पाचवा प्रसंग तू विसरणार नाहीस.

९. हातांचीही परीक्षा घे

तुझं शिक्षण निम्मं हातांचं आहे. डेन्मार्कमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना हृदय बंद पडल्यावर करायचे उपचार शिकवले. एका गटाला चार तास शिकवलं आणि सराव दिला. दुसऱ्याला साडेतीन तास शिकवून शेवटच्या अर्ध्या तासात चाचणी घेतली. एकूण वेळ सारखाच. दोन आठवड्यांनी तपासलं तेव्हा चाचणी दिलेला गट ८३ टक्क्यांवर होता, दुसरा ७३ वर. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

लॅबमध्ये पुतळ्यावर सीपीआर शिकवतील तेव्हा तक्त्याकडे पाठ करून उभी राहा. मैत्रिणीच्या हातात तक्ता दे. ३० दाब, २ श्वास. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढाच्या छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर खोल. करताना मोठ्याने मोज. ती तपासेल, तू सांगशील. औषध देण्याआधीच्या पाच खातरजमाही अशाच, ट्रे हातात घेऊन, बोलून: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. ज्या दिवशी खरी वेळ येईल त्या दिवशी पुस्तक उघडायला सवड नसेल.

१०. एकमेकींना विचारा, म्हणजे भीती मोडते

खोलीतल्या तिघीजणी मिळून रोज जेवणानंतर एक खेळ लावा. प्रत्येकीने पाच प्रश्न आणायचे, वही न बघता उत्तरं द्यायची. कोणी हसायचं नाही, कोणी मार्क मांडायचे नाहीत. जिला उत्तर येतं तिने ते समजावून सांगायचं, म्हणजे तिचीही उजळणी होते.

परीक्षेच्या नुसत्या नावाने तुझ्या पोटात गोळा येतो हे मला माहीत आहे. रोजच्या लहान चाचण्यांनी भीती वाढेल असं वाटतं, पण अनुभव उलट आहे. अमेरिकेतल्या शाळांमधल्या १,४०८ विद्यार्थ्यांना याविषयी विचारलं होतं. वर्गात वरचेवर अशी उजळणी झाल्याने परीक्षेची धास्ती कमी झाली असं ७२ टक्के मुलांनी सांगितलं. जे रोज करतो त्याची भीती राहत नाही. आणि पेपरच्या आदल्या रात्री जागरण करू नको. दिवसभर शिकलेलं झोपेत स्थिर होतं, ती झोप अभ्यासाचाच भाग आहे.

एक गोष्ट शेवटी सांगून थांबते. सेंट लुइसमध्येच बालरोग आणि आपत्कालीन विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांना दोन आजारांविषयी शिकवलं होतं. एका आजारावर त्यांच्या तीन चाचण्या घेतल्या: लगेच, दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी. दुसऱ्या आजाराच्या टिपणांची त्याच दिवसांना फक्त वाचून उजळणी केली. सहा महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावर चाचण्या घेतलेल्या विषयाचं ३९ टक्के शिल्लक होतं, वाचलेल्या विषयाचं २६. शिकलेल्या डॉक्टरांनाही सहा महिन्यांत इतकं विसरायला होतं, तेव्हा तू विसरतेस याची लाज धरू नको. विसरणं सगळ्यांनाच आहे. चाचणीने ते थांबत नाही, पण जास्त हाती उरतं, आणि त्या जास्तीच्या तेरा टक्क्यांत कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न असू शकतो.

सगळे कानमंत्र एका दिवसात अंगी लागायचे नाहीत, तशी घाईही नको. आज रात्री एवढंच कर: सध्या चालू असलेला धडा एकदा वाच, पुस्तक उशाखाली सरकव, कोरा कागद घे आणि आठवेल तेवढं लिही. रविवारी फोन करशील तेव्हा त्या धड्यातले तीन प्रश्न मी विचारणार आहे. उत्तरं वही न बघता द्यायची.